आईबाबांना घेऊन आरव्ही कॅम्पिंग : ओरेगन कोस्टचं कुठलं स्टेट पार्क घ्यावं? (फोर्ट स्टीव्हन्स की रोज एक नवीन?)

माणगंगा
नमस्कार मंडळी, आम्ही पोर्टलंडजवळ हिल्सबरोला राहतो, जूनमध्ये सांगलीहून आईबाबा येतायत आणि ऑगस्टमध्ये त्यांना आरव्हीने (आत बेड, ओटा, टॉयलेट असलेल्या मोठ्या गाडीने) कोस्टला न्यायचं डोक्यात आहे. माणसं सहा, म्हणजे आम्ही दोघं, आईबाबा, मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ४ चा. आरव्ही भाड्याने घेणार, क्लास सी (म्हणजे ट्रकसारखी, ड्रायव्हरच्या डोक्यावर बंक असलेली), पंचवीस फुटांच्या आसपासची. तारखा १३ ते १७ ऑगस्ट, चार रात्री.
नवऱ्याचा प्लॅन असा की अ‍ॅस्टोरियापासून हायवे १०१ ने खाली फ्लॉरेन्सपर्यंत जायचं, रोज रात्री नवीन स्टेट पार्क, म्हणजे आईबाबांना अख्खा कोस्ट दिसेल. मला ते जरा धावपळीचं वाटतंय. आईचे गुडघे दुखतात, बाबा ७१ चे आहेत पण रोज तासभर चालतात. आईला स्वतः स्वयंपाक करता आला नाही तर तिला चैन पडणार नाही हे आधीच सांगते. आम्ही तंबूत बऱ्याचदा राहिलोय पण आरव्ही पहिल्यांदाच. बुकिंग कधी करायचं, हुकअप म्हणजे नक्की काय काय लागतं, सगळं सांगा. फेब्रुवारीतच विचारतेय कारण जागा मिळत नाहीत असं ऐकलंय.

दर्यावर्दी
बरं झालं आत्ताच विचारलंत. ओरेगन स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि ते रोज एकेक दिवस पुढे सरकतं, म्हणजे १३ ऑगस्टला पोचायचं असेल तर १३ फेब्रुवारीला सकाळी उठून बसायचं. ऑगस्टचा वीकेंड आणि त्यात फुल हुकअप (वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही जागेवरच), या जागा पहिल्या दिवशीच जातात, "बघू नंतर" म्हणायला वाव नाही.
आता प्लॅनबद्दल स्पष्ट सांगतो, रोज नवीन पार्क करू नका. आरव्ही म्हणजे गाडी नव्हे, ते घर आहे आणि रोज सकाळी ते घर आवरावं लागतं. पाण्याचा पाइप काढा, विजेची केबल गुंडाळा, टाकी रिकामी करा, कपाटं बंद आहेत ना बघा, गॅस बंद, ओट्यावरची बरणी आत, स्लाइड (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) असेल तर ती आत. पहिल्या वेळेला यात दीड तास सहज जातो. चेकआउट दुपारी १ ला आणि पुढच्या पार्कात चेकइन ४ ला, मधले तीन तास तुम्ही एवढं धूड घेऊन पार्किंग शोधत फिरणार. १०१ वर व्ह्यूपॉइंटची जी छोटी पार्किंग आहेत तिथे ऑगस्टमध्ये साधी कार लागत नाही. ७१ वर्षांच्या माणसाला समुद्र खिडकीतून पळताना दाखवायचा की त्याच्या काठावर चार संध्याकाळी बसवायचं, एवढंच ठरवा.
माझं मत अ‍ॅस्टोरियाजवळचं फोर्ट स्टीव्हन्स, चारही रात्री तिथेच. तुमच्यापासून नव्वदेक मैल, ओरेगनमधलं सगळ्यात मोठं कॅम्पग्राउंड, फुल हुकअपच्या जागा भरपूर, आणि आत पंधराएक मैल ट्रेल आहेत, त्यातले बरेचसे डांबरी, सायकलला चालणारे. शक्य असेल तर एकाने आपली कार मागून आणा. जास्तीच्या गाडीचे थोडे पैसे पडतात पण मग अ‍ॅस्टोरिया, सीसाइड, दवाखाना, दूध, कशालाही आरव्ही हलवावी लागत नाही. माझ्या लेखी हा सगळ्यात कामाचा सल्ला आहे.

निशिगंध
मी जरा वेगळं मत मांडते. आईंचे गुडघे दुखत असतील तर आरव्हीच कशाला? ओरेगन स्टेट पार्कमध्ये यर्ट (गोल तंबूसारख्या पक्क्या खोल्या) असतात, फोर्ट स्टीव्हन्सला पण आहेत, आत बेड, दिवा, हीटर, आणि चढायला त्या उंच लोखंडी पायऱ्या नाहीत. डिलक्स केबिन मिळाली तर आत बाथरूमही असतं.

माणगंगा
निशिगंध, यर्टचा विचार केला होता पण साध्या यर्टमध्ये बाथरूम नाही आणि बाबांना रात्री दोनदा उठावं लागतं. अंधारात टॉर्च घेऊन रेस्टरूमपर्यंत चालत जायचं म्हटलं तर ते पाणी पिणंच बंद करतील, मी ओळखते त्यांना. आरव्हीत टॉयलेट चार पावलांवर. डिलक्स केबिन गेली दोन वर्षं बघितल्या, मिळाल्या नाहीत.
दर्यावर्दी, एकाच ठिकाणचा मुद्दा पटला. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो विचारतोय की मग चार दिवस तिथे करायचं काय?

दर्यावर्दी
चार दिवस कमी पडतील. पार्कातच पीटर आयरडेलचा सांगाडा आहे, चार डोलकाठ्यांचं पोलादी जहाज, २५ ऑक्टोबर १९०६ ला कोलंबिया नदीच्या मुखाशी येता येता वाळूत रुतलं, माणसं सगळी वाचली. अजून त्याच्या गंजलेल्या फासळ्या उभ्या आहेत आणि ओहोटीला अगदी हात लावता येतो. ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा, भरतीला गेलात तर लांबून बघून परत. पार्किंगपासून वाळूतून थोडंसंच चालायचं, आईंना जमेल.
मग बॅटरी रसेल, काँक्रीटची जुनी तोफखान्याची बांधकामं. २१ जून १९४२ च्या रात्री जपानी पाणबुडी आय-२५ ने या किल्ल्यावर १७ गोळे टाकले, आणि इथल्या कमांडरने उलट गोळीबार करू दिला नाही, कारण तोफा कुठे आहेत ते पाणबुडीला कळलं असतं. मुलांना त्या अंधाऱ्या खोल्या फार आवडतात, टॉर्च न्या. कॉफेनबरी लेक आहे, त्याच्याभोवती साधारण दोन मैलांची सपाट वाट, बाबांचा सकाळचा फेरफटका तिथे होईल, आणि मुलांना पोहायला समुद्रापेक्षा ते तळं केव्हाही बरं. एल्क (मोठी हरणं) दिसतील. लांबूनच बघायचे, फोटोसाठी जवळ जायचं नाही.

तिखटमीठ
स्वयंपाकाच्या प्रश्नासाठीच लॉगिन केलं.
आधी सगळ्यात महत्त्वाचं. आरव्ही घेताना "स्लीप्स सिक्स" वर जाऊ नका, सीटबेल्ट मोजा. सहा झोपतात म्हणजे सहा बेल्ट असतातच असं नाही. आणि चार वर्षांच्या मुलाची कारसीट आडव्या बाकावर बसवायची नसते, पुढे तोंड असलेली, पक्का बेल्ट असलेली डिनेटची (जेवायच्या टेबलाची) सीट लागते. भाड्याने देणाऱ्याला त्या सीटचा फोटो पाठवायला सांगा, तोंडी "हो हो बसते" वर विश्वास ठेवू नका. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बंक मुलीला आणि तुमच्यापैकी एकाला, तिथे शिडीने चढावं लागतं. मागचा खरा बेड आईबाबांना द्या. त्यात पण बघून घ्या की बेडच्या दोन्ही बाजूंनी उतरता येतं का, काही गाड्यांत बेड कोपऱ्यात असतो आणि आतल्या माणसाला दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं. दोनदा उठणाऱ्या माणसाला ते नको.
आता वीज. पंचवीस फुटी क्लास सी ला बहुतेक ३० अँपचं कनेक्शन असतं. ३० गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३६०० वॅट, अख्ख्या घराला एवढेच. इंडक्शन १८०० खातं, मायक्रोवेव्ह हजार-दीड हजार, छोटा हीटर १५००. यातली दोन एका वेळी चालवायची, तिसरं लावलं की ब्रेकर पडणार. आईंना पहिल्याच दिवशी हे समजावून सांगा, माझ्या सासूबाईंनी तर कागदावर लिहून ओट्यावर चिकटवलं होतं आणि मग सगळ्यांना त्याच दटावायच्या, "चहा होईपर्यंत हीटर बंद!"
फोडणी आत करू नका हे मी ठामपणे सांगते. छोट्या जागेत मिरची-मोहरीचा ठसका बसतो, स्मोक अलार्म वाजतो आणि गादीला वास राहतो तो राहतोच, काही कंपन्या त्याचे पैसे कापतात. बाहेर टेबलावर छोटी प्रोपेनची शेगडी मांडा, आई तिथे मोकळ्या हवेत खुशीत स्वयंपाक करतील. वारा फार असतो म्हणून शेगडीला आडोसा लागेल, पत्र्याचा विंडस्क्रीन मिळतो. घरून थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, गोडा मसाला, भाजलेला रवा, आणि दोन दिवसांची उसळ मोड आणून फ्रीझ करून न्या. प्रेशर कुकर न्याच. सकाळी गार वाऱ्यात गरम मऊ भात, मेतकूट आणि तूप, समोर झाडी, मुलं सुद्धा मुकाट्याने खातात.

माणगंगा
तिखटमीठ, किती उपयोगी लिहिलंय, सीटबेल्टचं मी कुठेच वाचलं नव्हतं, आजच फोटो मागवते. आता थोडा अवघड प्रश्न. टॉयलेटची टाकी. आईबाबा पाणी वापरणारे, तांब्या लागणारच. टाकी भरून वाहिली तर? हे कोणी नीट सांगेल का, लाजत विचारतेय.

चाकोरी
यात लाजण्यासारखं काही नाही, उलट घरात ज्येष्ठ असतील तर हाच प्रश्न आधी सुटायला हवा. सविस्तर लिहितो, जरा लांबेल.
टाक्या तीन. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी ग्रे, म्हणजे बेसिन आणि अंघोळीचं पाणी. तिसरी ब्लॅक, टॉयलेटची. फुल हुकअप म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याचं भोक, तिन्ही तुमच्या जागेवरच. फक्त "इलेक्ट्रिक विथ वॉटर" घेतलंत तर टाकी रिकामी करायला गाडी हलवून डंप स्टेशनला जावं लागतं. सहा माणसं, चार रात्री, तांब्या, हे सगळं बघता फुल हुकअपच घ्या, दुसरा विचार नको.
तांब्याचं पाणी ब्लॅक टाकीला चांगलंच असतं. त्या टाकीला त्रास होतो तो पाणी कमी पडलं की. म्हणून नियम असा की ब्लॅकचा व्हॉल्व्ह जागेवर असतानाही बंदच ठेवायचा, निदान दोन-तृतीयांश भरेपर्यंत. जे लोक "हुकअप आहे ना, उघडाच ठेवू" म्हणतात त्यांचं पातळ सगळं वाहून जातं आणि घट्ट तळाशी साचून वाळतं, मग कितीही पाणी ओता ते हलत नाही. रोज रात्री पॅनेलवरचे दिवे बघायचे पण त्यावर पूर्ण भरवसा नको, ते सेन्सर खोटं दाखवतात, फ्लश करताना पाणी वर येताना दिसायला लागलं किंवा आतून गुडगुड आवाज आला की टाकी भरली समजा.
रिकामी करताना हातमोजे घाला. आधी जाड पाइपचं टोक जमिनीतल्या भोकात पक्कं बसवायचं, मग दुसरं टोक गाडीला लावून फिरवायचं, खटका बसल्याचा आवाज यायला हवा. मग ब्लॅक उघडायचा, पूर्ण होऊ द्यायचा, पाइपला हात लावला की थरथर थांबल्याचं कळतं. ब्लॅक बंद. मग ग्रे उघडायचा, त्या साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. म्हणून आदल्या दिवशीपासून ग्रे बंद ठेवून साठवायचं. शेवटी ब्लॅकमध्ये दोन-तीन बादल्या पाणी आणि टाकीचं औषध घालून ठेवायचं. ओले वाइप्स आत टाकायचे नाहीत, पाकिटावर फ्लशेबल लिहिलेलं असलं तरी नाही, त्यासाठी झाकणाची छोटी कचरापेटी ठेवा. आणि प्यायच्या पाण्याचा पांढरा होजपाइप वेगळा, तो आणि हे सामान कधी एका डब्यात ठेवायचं नाही. भाड्याच्या गाडीत दोन्ही एकत्र कोंबलेले मिळाले तर सरळ नवीन पांढरा होज विकत घ्या. नळाला लावायचा प्रेशर रेग्युलेटर पण घ्या, छोटासा पितळी असतो.
फ्रीजबद्दल एक. प्रोपेनवर चालणारा जुना प्रकारचा फ्रीज असेल तर गाडी लेव्हलमध्ये उभी लागते, नाहीतर तो गार करत नाही. चाकाखाली घालायचे प्लॅस्टिकचे ठोकळे कंपनीकडून मागून घ्या. लेव्हल नसेल तर आईबाबांना झोपताना पण डोक्याकडे उतार लागतो.

हिरवाकंच
मला समुद्राबद्दल बोलायचंय, आणि हे मी प्रत्येक कोस्टच्या धाग्यावर लिहिते, पुन्हा लिहिणार.
आपल्याकडून येणाऱ्या मंडळींना समुद्र म्हटलं की गणपतीपुळे नाहीतर तारकर्ली आठवतं, साडी वर धरून पाण्यात पाय. इथलं पाणी ऑगस्टमध्येही इतकं गार असतं की मिनिटभरात पाय बधिर होतात. आणि इथे स्नीकर वेव्ह येतात. दहा-पंधरा मिनिटं लाटा शांत, आणि अचानक एक लाट बाकीच्यांपेक्षा कितीतरी वर, कोरड्या वाळूपर्यंत धावून येते. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. मुलांचा हात सोडायचा नाही. किनाऱ्यावर पडलेल्या मोठ्या ओंडक्यांवर बसायचं नाही, चढायचं नाही. वाळलेला दिसतो, पण थोडंसं पाणी खाली आलं तरी तो अख्खा ओंडका उचलला जातो आणि माणूस त्याच्याखाली येतो. साउथ जेटीचे (नदीच्या मुखाशी समुद्रात गेलेल्या बांधाचे) दगड तर मुळीच चढायचे नाहीत. आजीआजोबांना हे मराठीत, शांतपणे, निघायच्या आधी घरीच सांगा. तिथे पोचल्यावर आनंदात कोणी ऐकत नाही.
आणि थंडी. सांगलीच्या माणसाला ऑगस्ट म्हणजे फार तर पाऊस. कोस्टला दुपारी पण १७-१८ डिग्री सेल्सिअस, धुकं असलं तर त्याहून कमी, आणि दुपारनंतर उत्तरेचा वारा. कानटोपी, स्वेटर, वारा अडवणारं जॅकेट, आईंना जाड मोजे. पोर्टलंडला ३५ असताना हे सामान भरणं विचित्र वाटतं पण भरा.

माणगंगा
हिरवाकंच, तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा आईबाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. बाबांचं उत्तर आलं, "समजले. जहाजाबद्दल अधिक माहिती पाठव." ते इतिहासाचे शिक्षक होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण सवय जात नाही.

निशिगंध
इतिहासाचे शिक्षक? मग माझं यर्टचं म्हणणं मागे ठेवते आणि त्यांना अ‍ॅस्टोरियाला न्याच न्या. फोर्ट स्टीव्हन्सपासून जेमतेम दहा मैल. भारताच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या गदर पार्टीची स्थापना १९१३ मध्ये अ‍ॅस्टोरियात झाली! तिथल्या लाकडाच्या मिलमध्ये पंजाबी कामगार होते, फिनिश लोकांच्या सोशलिस्ट हॉलमध्ये सभा झाली. शताब्दीला म्हणजे २०१३ ला शहराने कार्यक्रमही केला होता. आणि आपल्या मराठी माणसांचा यात थेट संबंध आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदरच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी, ते इथे ओरेगनमध्येच कॉर्व्हालिसला शेतकी शिकले, पुढे मेक्सिकोत मक्यावर काम करून नावाजलेले कृषिशास्त्रज्ञ झाले. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे पण अमेरिकेत शिकायला आलेले, गदरमध्ये गेले, परत जाऊन उठावाच्या तयारीत पकडले गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी गेले. इथे इतकी वर्षं राहून आपल्यातल्या कितीतरी जणांना हे माहीत नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या तारखांत १५ ऑगस्ट येतोय, त्या दिवशी सकाळी बाबांना अ‍ॅस्टोरियाला घेऊन जा.

माणगंगा
निशिगंध!! मला हे खरंच माहीत नव्हतं. बाबांना लगेच फोन केला, तिकडे सकाळचे सात. खानखोजे त्यांना माहीत होते, पिंगळे त्यांनी वर्गात शिकवलेत, पण ते गाव आपल्या लेकीच्या घरापासून दोन तासांवर आहे हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. १५ ऑगस्ट अ‍ॅस्टोरिया पक्कं.

दर्यावर्दी
उत्तम. त्याच दिवशी कोलंबिया रिव्हर मॅरिटाइम म्युझियम करा, सगळं एका मजल्यासारखं आरामात बघता येतं आणि जहाजं का बुडायची ते तिथे कळतं. अ‍ॅस्टोरिया कॉलम म्हणजे टेकडीवरचा मनोरा, त्याला १६४ पायऱ्या आहेत, आईंनी वर चढू नये, खालूनही नदी, पूल, समुद्र सगळं दिसतं. पण तिथे आरव्ही नेऊ नका, वर जाणारा रस्ता चढाचा आणि वळणांचा, म्हणूनच म्हणतो कार सोबत हवी.

सुकट_बोंबील
मालवणचा आहे म्हणून विचारतो, तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जाणार की नाही? क्लॅटसपच्या बीचवर, म्हणजे फोर्ट स्टीव्हन्सच्याच किनाऱ्यावर, रेझर क्लॅम (लांबट शिंपल्या) असतात, ओरेगनमधले बहुतेक तिथलेच.

चाकोरी
ऑगस्टमध्ये नाही मिळणार. क्लॅटसपच्या बीचवर १५ जुलै ते ३० सप्टेंबर रेझर क्लॅम बंद असतात, पिल्लं वाढावीत म्हणून. बाकी सीझनमध्ये माणशी पहिले १५, लहान निघाला, फुटका निघाला तरी तो मोजायचा. १२ वर्षांपासून पुढे लायसन्स लागतं. खाडीत खेकडे मात्र ऑगस्टमध्ये चालतात, फक्त नर, पावणेसहा इंचांच्या वरचे, लायसन्स त्यालाही लागतं आणि आईबाबांसाठी बाहेरून आलेल्यांचं वेगळं घ्यावं लागेल. जायच्या आधी ओरेगनच्या मासेमारी खात्याच्या साइटवर बघा, शिंपल्यात विष आढळलं की मध्येच बंदी येते.

सुकट_बोंबील
मग खेकडे पकडा आणि आईंना रस्सा करू द्या. खोबरं घरून भाजून वाटून न्या, तिथे मिक्सर लावाल तर ब्रेकरचं वर सांगितलंच आहे.

कृष्णाकाठी_सिअ‍ॅटल
आम्ही पण त्याच सुमारास यायचा विचार करतोय, आम्हाला काही वेगळे नियम?

दर्यावर्दी
वॉशिंग्टनचे असाल तर ओरेगनमध्ये आरव्हीच्या जागेला २५ टक्के जास्त पडतात, २०२२ पासून. नदीपलीकडे तुमच्याच राज्यात केप डिसअपॉइंटमेंट स्टेट पार्क आहे, दोन दीपगृहं, तेही सुंदर, तिथून पुलावरून अ‍ॅस्टोरिया जवळच. फक्त वाऱ्याच्या दिवशी तो चार मैलांचा पूल आरव्हीने हळू पार करा, उंच गाडीला वारा ढकलतो.

माणगंगा
मंडळी, १३ तारखेला सकाळी आम्ही दोघं दोन लॅपटॉप घेऊन बसलो होतो. फुल हुकअप, चार रात्री, मिळालं!! नवऱ्याने स्वतःहून कार चालवत मागून यायचं कबूल केलंय, आरव्ही मी चालवणार. जायला हायवे २६ घ्यावा की ३०? आणि चालवताना काय सांभाळू?

दर्यावर्दी
अभिनंदन! २६ जवळचा पण डोंगरातून, चढ-उतार आणि वळणं. ३० नदीकाठाने, जरा लांब पण बराचसा सपाट. पहिल्यांदा चालवताय तर ३० ने जा आणि येताना हात बसला असेल तर २६ ने या. आदल्या दिवशी ताबा घ्या आणि मोकळ्या पार्किंगमध्ये तासभर वळणं आणि रिव्हर्सचा सराव करा, रिव्हर्सला कोणीतरी मागे उभं हवंच. गाडीची उंची चिकटपट्टीवर लिहून स्टिअरिंगसमोर लावा, अकरा-बारा फूट असते, आणि ड्राइव्ह-थ्रू, बँकेसमोरचं छत, खाली आलेल्या फांद्या यांच्याजवळ जायचं नाही. छताचं नुकसान बऱ्याच भाड्याच्या विम्यात धरत नाहीत, सही करायच्या आधी ते वाक्य शोधून वाचा.

तिखटमीठ
ताबा घेताना व्हिडिओ काढा, आतून बाहेरून, टायर, छत, चादरींखालची गादी सुद्धा. आणि सरपण घरून नेऊ नका, लाकडातून किडे पसरतात, २०२२ मध्ये फॉरेस्ट ग्रोव्हला अ‍ॅशची झाडं मारणारा किडा सापडलाय, तुमच्या शेजारीच. पार्कात मोळी विकत मिळते.

माणगंगा
सीटचा फोटो आला, पुढे तोंडाची आहे, बेल्ट सहा आहेत. बेड मात्र कोपऱ्यातला निघाला म्हणून ती गाडी सोडली आणि दोन्ही बाजूंनी उतरता येणारी दुसरी बघतोय, थोडी महाग आहे पण घेणार. तिखटमीठ, चाकोरी, ब्रेकरची आणि टाकीची यादी आईने मागितलीये, मोठ्या अक्षरात लिहून देते.